जहाजाच्या लाकडातला नंदी

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या अलंगला जहाजं फोडली जातात आणि त्यांच्या पोटातलं सगळं रस्त्याच्या दुतर्फा दुकानांत येऊन पडतं. पलंग, कपाटं, दिवे, दोरखंड, मुदपाकखान्यातली भांडी. १९८३ पासून हे काम तिथे चालू आहे आणि बडोद्याची माणसं फर्निचर बघायला तिकडे फेरी मारतात. मी गेलो होतो लाकूड बघायला. एका दुकानात मागच्या कोपऱ्यात काळपट हिरव्या पट्ट्यांचा ढीग होता, वीतभराहून लांब, चार बोटं रुंद आणि जवळजवळ तेवढ्याच जाड. प्रत्येक पट्टीची एक बाजू आतून किंचित खोलगट आणि आरशाइतकी गुळगुळीत. दुकानदाराला माल ठाऊक होता. त्यानं एक पट्टी पाण्याच्या बादलीत सोडली, ती सरळ तळाला जाऊन बसली, आणि मग त्यानं भाव सांगितला.

हे लिग्नम व्हायटी. कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडे अतिशय सावकाश वाढणाऱ्या ग्वायकमच्या झाडाचा गाभा. जहाजाला पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, दांडा सांगाड्यातून बाहेर पडतो, तिथल्या नळीत त्याला आधार देणारं बेअरिंग म्हणून याच्या पट्ट्या बसवत. पंख्याची जहाजं नवीन होती तेव्हा ही बेअरिंगं पितळेची असायची आणि फार लवकर झिजायची. जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरनं १८५४ मध्ये लिग्नम व्हायटीच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं आणि तो प्रश्न सुटला. लाकडातच इतकी राळ मुरलेली असते की वेगळं वंगण लागत नाही. समुद्राचं पाणी खेळतं राहिलं की पुरे. त्याही आधी, १७२०च्या दशकात, जॉन हॅरिसननं याच गुणासाठी आपल्या लाकडी घड्याळांत हे लाकूड वापरलं होतं. माझ्या पट्ट्यांची ती गुळगुळीत खोलगट बाजू म्हणजे दांडा वर्षानुवर्षं फिरून पडलेली झीज.

कठीण म्हणजे किती, हे आकड्यात सांगतो. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, हे जान्का कसोटीत मोजतात. सागाला साधारण ४,७०० न्यूटन लागतात, आपल्या शिसवाला १०,९००च्या आसपास, क्लॅरिनेट आणि ओबो ज्याचे बनतात त्या आफ्रिकन ब्लॅकवूडला १६,३००, आणि लिग्नम व्हायटीला सुमारे १९,५००. म्हणजे सागाच्या चौपट. वजन एका घनसेंटिमीटरला साधारण १.२६ ग्रॅम, म्हणून ते बुडतं.

मी सागावर शिकलो. बडोद्यात कोरीवकाम म्हटलं की आधी साग पुढे येतो. बडोद्याजवळच्या संखेड्याचे खरादावर (लेथवर) उतरवलेले लाखेचे पलंग-झोपाळेही सागाचेच. सागासारखं समजूतदार लाकूड नाही, पण त्याची छिद्रं मोठी असतात. खांबावरची वेल, दाराची चौकट, हातभर उंचीची मूर्ती यांत ती छान दिसतात. तळहातावर मावणाऱ्या मूर्तीच्या गळ्यातली घुंगरमाळ कोरायला घेतली की मात्र एकेका घुंगराच्या जागी एकेक छिद्र येतं आणि मण्याची कड ढासळते. मला लहान आणि बारीक काम करायचं होतं. त्यासाठी घट्ट, बारीक पोताचं लाकूड हवं होतं, आणि असं लाकूड कठीणच असतं.

नवीन तोडलेलं परदेशी लाकूड मागवायचं नाही, हे मी आधीपासून ठरवलं होतं. ग्वायकमच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कारण चार शतकं ती झाडं बेसुमार तोडली गेली. ब्लॅकवूड आणि शिसव ज्या दालबर्जिया वंशातले, तो वंशही २०१७ पासून तिथेच आहे. हौसेची एक वस्तू बनवायला असलं झाड पडावं, हे मला पटत नाही. जहाजाची पट्टी तिचं काम करून आलेली आहे. ब्लॅकवूडचा एक छोटा तुकडाही माझ्याकडे आहे, तो तडकलेल्या जुन्या क्लॅरिनेटचा.

आकार काय घ्यायचा, हे लाकडानंच ठरवलं. इतकं कठीण लाकूड दाबाला दाद देत नाही, पण बारीक, लांब, बाहेर आलेला भाग पटकन तुटतो. उभा घोडा, हात पसरलेली नर्तकी, सोंड सुटी असलेला गणपती हे सगळं बाद. बसलेला नंदी मात्र या लाकडासाठीच असावा असा आहे: पाय पोटाखाली, मान अंगाला धरून, वशिंड पाठीला सलग, शिंगं आखूड आणि डोक्याला चिकटलेली. राजवाड्यासमोरच्या काशी विश्वनाथाच्या देवळात जाऊन मी नंदीची चित्रं काढली, पुढून, बाजूनं, मागून. मागची बाजू कुणी फार बघत नाही, पण शेपटी मांडीवर कशी वळून येते ते तिथेच कळतं. चित्रं झाल्यावर शाडूचा त्याच मापाचा नंदी केला. सागात कोरता कोरता विचार बदलता येतो. इथे एकेक मिलिमीटर इतका महाग की आकार आधी बोटांना पाठ झालेला बरा.

आता धारेबद्दल, कारण खरं काम तिथेच झालं.

सागासाठी माझ्या पटाश्यांच्या धारेचा उतार २५ अंशांचा असतो. ती धार या लाकडावर टिकत नाही. दोन-चार ठोक्यांत तिचे सूक्ष्म कण उडतात, आणि नंतरच्या प्रत्येक कापावर बारीक पांढरी रेघ उमटते. आमच्या गल्लीतले मिस्त्रीकाका गुजराती, पण सगळं आयुष्य मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात गेल्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलतात. ते ओट्यावर बसून बघत होते. मी जरा जास्त जोरानं मोगरी (पटाशीवर मारायची लाकडी हातोडी) मारली तसे म्हणाले, "हाताला कशाला त्रास देता भाऊ? आधी धार बघा." मग पटाशी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि धारेवर चमकणारा ठिपका दाखवला. धार चांगली असेल तर उजेडात ती दिसतच नाही. जिथे चमक दिसते, तिथे धार नाही.

उपाय असा की धारेचा कोन वाढवायचा. पण सगळा उतार पुन्हा घासायची गरज नाही. २५ अंशांचा मूळ उतार तसाच ठेवून, धारेच्या अगदी टोकाला केसाएवढ्या रुंदीचा ३५ अंशांचा दुसरा उतार द्यायचा. त्यामुळे पातं मागे पातळच राहतं आणि टोकाला भक्कम होतं. गोल पटाशीला आतूनही असाच छोटा उतार दिला की ती लाकडात खोल घुसायची थांबते आणि कापातून वर यायला शिकते. आधी हजार नंबरच्या दगडावर, मग सहा हजारच्या, आणि शेवटी लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेल्या चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावून. चामड्यावर पातं नेहमी मागे ओढायचं, पुढे ढकललं तर चामडं कापलं जातं. परीक्षा मऊ पाइनच्या आडव्या छेदावर घ्यायची. तिथे काप चकचकीत आला, तंतू दबले नाहीत, तर धार लागली.

त्यानंतर कामाची लयच बदलली. थोडं कोरायचं, चामड्यावर ओढायचं, पुन्हा थोडं कोरायचं. लाकूड स्वतःच सांगतं: तीक्ष्ण धारेनं कापलेली जागा ओल्यासारखी चमकते, धार गेली की तीच जागा मंद दिसू लागते. मंदपणा दिसला की थांबायचं, मग काप कितीही रंगात आलेला असो. धार लावायला जो वेळ जातो त्याला मी आता कामातून वेगळं काढत नाही. जुन्या घडीव पोलादाची पटाशी सर्वांत बारीक धार घेते, पण लवकर उतरते. लेथवरच्या हायस्पीड स्टीलच्या तुकड्यांना घासून मी ज्या दोन छोट्या कोरण्या केल्या, त्या जास्त वेळ टिकल्या. घुंगरमाळ त्यांच्यावरच झाली.

कापणीला सुताराची करवत चालत नाही. तिचे दात मोठे, ते घसरतात आणि राळ तापून पात्याला धरते. मी लोखंड कापायची हॅक्सॉ घेतली, इंचाला १८ दातांची. सावकाश, लांब ओढीनं, मधून मधून पात्याला मेण चोळत. लाकूड तापलं की त्याला गोडसर सुगंध येतो. घरभर दरवळला होता, शेजारच्या वहिनी अगरबत्ती कुठली म्हणून विचारून गेल्या. पण त्या वासाबरोबर बारीक धूळही उडते, आणि लाकडाची धूळ फुप्फुसाला चांगली नाही. कठीण लाकडांच्या धुळीनं कर्करोगाचा धोका वाढतो हे नीट सिद्ध झालेलं आहे, आणि असल्या राळेच्या लाकडांची अनेकांना त्वचेची किंवा श्वासाची ॲलर्जी होते. त्यामुळे एन-९५ मास्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडावर. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात तो नकोसा होतो, तरीही.

ढोबळ आकार काढणं हे कष्टाचं पण साधं काम होतं. मानेच्या आणि वशिंडाच्या मधली जागा, पायांच्या पुढची जागा अशा ठिकाणी लोखंडाच्या ड्रिलनं जवळजवळ भोकं पाडली, हवी त्यापेक्षा थोडी कमी खोल, आणि मधल्या भिंती पटाशीनं उडवल्या. नुसत्या पटाशीनं पोखरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आणि लाकडालाही कमी धक्का बसतो.

पट्टी धरायची कशी, हा मोठा प्रश्न. सागात आपण कागद मध्ये घालून सरसानं पाटावर चिकटवतो. या लाकडाच्या अंगातून राळ येते, त्यामुळे चिकटवलेलं सुटून येतं. मी बैठकीच्या खाली दोन बोटं जाड खुंटी राखून ठेवली आणि तीच व्हाइसमध्ये (शिकंज्यात) चामड्याच्या गाद्यांमध्ये आवळली. नंदी सगळ्या बाजूंनी पूर्ण होईपर्यंत ती खुंटी कापली नाही. अंगाला व्हाइसचा जबडा एकदाही लागला नाही.

आणि रेषा. सागात लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, एकदा ओळखली की कुठल्या बाजूनं कापायचं ते ठरतं. लिग्नम व्हायटीच्या रेषा वेणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा एका दिशेला झुकलेला, त्याच्या शेजारचा बरोबर उलट. म्हणजे लांबीच्या दिशेनं पटाशी चालवली की एक पट्टा गुळगुळीत निघतो आणि लगतच्या पट्ट्यातून टवके उडतात. बाजू बदलली तर टवके फक्त जागा बदलतात. यातून वाट एकच: रेषेच्या आडवं कापायचं, आणि पातं सरळ पुढे न रेटता तिरकं सरकवत न्यायचं, सुरीनं लिंबू चिरताना सुरी सरकते तशी. आडवा काप दोन्ही पट्ट्यांना सारखाच छेदतो. काप कागदाइतका पातळ. मोगरी पाव किलोची, ठोके हलके आणि खूप. मोठी मोगरी घेतली की पातं लाकडात अडकतं आणि बाहेर काढताना धार तुटते.

कडेचं काम आणखी वेगळं. कडेपाशी पटाशी नेहमी कडेकडून आत यायला हवी, आतून बाहेर गेली तर कपचीसकट कड जाते. कानाच्या खाचेसाठी, खुरांच्या मधल्या रेघेसाठी आधी उभा काप देऊन हद्द आखायची आणि मगच त्या हद्दीपर्यंत येऊन थांबायचं. उजेड एकाच बाजूनं, खालून तिरका ठेवला. वरच्या ट्यूबलाइटमध्ये सगळं सपाट दिसतं. तिरक्या उजेडात वशिंडाचा फुगीरपणा पोटापाशी कुठे मोडतो ते कळतं. कोरताना डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर माझा जास्त भरवसा असतो, तरी हा उजेड मला फार उपयोगी पडला.

एका टप्प्यानंतर मी पटाश्या ठेवून दिल्या आणि धातूच्या कामाची हत्यारं काढली. हे लाकूड कानशीला फार छान प्रतिसाद देतं, जवळजवळ पितळेसारखं. चपट्या कानशीनं पाठ, अर्धगोल कानशीनं मानेचा बाक, सुई कानशींनी कान आणि नाकपुड्या. दातांत राळ भरते म्हणून आधी कानशीला खडू घासून घ्यायचा, तरीही भरली तर तारेच्या ब्रशनं काढायची. हॅक्सॉच्या तुटलेल्या पात्यांचे स्क्रेपर (पातळ थर तासून काढायची पाती) केले, वेगवेगळ्या गोलाईचे. स्क्रेपरला उलटसुलट रेषांचं सोयरसुतक नसतं. पोटाचा सगळा भाग स्क्रेपरनं उतरवला, आणि त्याचा भुसा न पडता धुरासारखे पातळ कुरळे छिलके निघाले.

घुंगरमाळ शेवटून दुसरी. मण्यांची ओळ पेन्सिलीनं आखली, प्रत्येक दोन मण्यांच्या मध्ये व्ही पटाशीनं खाच दिली, मग कोरणीनं चारी बाजूंनी एकेक मणी गोल केला. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे. सागात हे कधीही टिकलं नसतं. इथे प्रत्येक मण्याची कड अशी तीक्ष्ण उभी राहिली की नखाला लागते. त्या संध्याकाळी मी मिस्त्रीकाकांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, मूर्ती डोळ्यांपाशी नेऊन एकेक मणी पाहिला आणि काही न बोलता त्यांच्या पुतण्याला हाक मारून दाखवला.

डोळे ब्लॅकवूडचे. क्लॅरिनेटच्या तुकड्यातून काडी कापून, स्क्रेपरनं गोल करत तीन मिलिमीटरवर आणली. ब्लॅकवूडचा अनुभव एकदम निराळा: पोत इतका बारीक की रेषा जवळपास दिसतच नाहीत, कुठल्याही दिशेनं कापा, सारखंच कापलं जातं, पण जरा वाकवलं तर काचेगत कट् तुटतं. टांझानियाच्या दक्षिणेला आणि मोझांबिकच्या उत्तरेला राहणारे माकोंडे शिल्पकार याच लाकडातून एकमेकांवर चढलेल्या माणसांचे उंच खांब कोरतात, आणि सुरुवात वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीनं, करतात. ती चित्रं मी अनेकदा पाहिली आहेत. बोटाएवढी काडी हातात आल्यावर त्या माणसांच्या वाकसाची धार कशी असेल, हे खऱ्या अर्थानं लक्षात आलं. डोळ्यांसाठी तेवढीच भोकं पाडली, भोकं आणि काड्या दोन्ही ॲसिटोननं पुसल्या, म्हणजे वरची राळ निघते, आणि ती परत झिरपायच्या आत अरल्डाइट लावून बसवल्या.

पॉलिश लावलं नाही. या लाकडाला त्याची गरज नाही. बारीक पॉलिश पेपर टर्पेंटाइनमध्ये भिजवून, चारशेपासून दोन हजारपर्यंत. कोरडा पेपर लगेच राळेनं भरतो, आणि ओल्यानं धूळही उडत नाही. मण्यांना पेपर लावलाच नाही, त्यांच्या कडा मेल्या असत्या. शेवटी सुती कापडानं जोरात घासलं, तशी आतलीच राळ वर येऊन मंद तकाकी आली. ताज्या कापलेल्या जागी रंग पिवळट तपकिरी होता. उजेड आणि हवा लागत गेली तसा तो हिरवा होत गेला, आधी पाठ, मग बाजू. पोटाखाली उजेड कमी, तिथे अजून पिवळेपणा आहे.

खुंटी कापल्यावर बैठकीच्या खाली दांड्याच्या झिजेची ती खोलगट बाजू आली. पट्टी आखतानाच तशी योजना होती. तिला हत्यार लावलं नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण हल्ली जो भेटतो तो विचारतो की रोटरी मशीन, म्हणजे फिरत्या दातांनी कोरणारं विजेचं हत्यार, का नाही वापरलं. मशीननं हे काम लवकर होतं, खरं आहे. पण मशीनचा दात लाकूड खरवडतो, कापत नाही, आणि राळेच्या लाकडाला तापवतो. तापलेल्या राळेचा थर पृष्ठभागावर पसरतो आणि कडा मऊ होतात. धारदार पातं तंतू स्वच्छ छेदतं, म्हणून मण्याच्या कडेवर उजेड तुटक चमकतो. इतकं कठीण लाकूड निवडायचं ते याच कडेसाठी. ती मिळणार नसेल तर साग काय वाईट आहे?

पटाश्यांचे दोन संच आता वेगळे ठेवतो. सागाच्या पटाश्यांना मी पुन्हा २५ अंशांवर आणलेलं नाही, त्यांतल्या तीन या लाकडासाठीच राखल्या आणि सागासाठी नव्या घेतल्या. पट्ट्यांपैकी एक मिस्त्रीकाकांना दिली. त्यांना मोगरी करायची आहे. लिग्नम व्हायटीची मोगरी कोरीवकाम करणाऱ्यांत जुनी आणि नावाजलेली, लहान डोक्यात भरपूर वजन आणि सहसा फुटत नाही. डोकं मी आठ पैलूंचं कापून दिलं आहे. दांड्यासाठी ते बाभळीचा तुकडा शोधताहेत, आणि दांड्याचं भोक रेषेच्या कुठल्या अंगानं पाडायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.